मनगटाचं माप

ता. ४ फेब्रुवारी, दुपार

वन्सं,

नमस्कार. आधी खुशाली विचारावी आणि मग कामाचं लिहावं हे मला कळतं. पण इतक्या वर्षांची खुशाली विचारायला बसले तर कागद त्यातच संपेल. कागद दुकानातला आहे, ह्यांच्या कापड बेतायच्या जुन्या खाक्यांच्या गठ्ठ्यातला. एका बाजूला पेन्सिलीने बाही आखलेली आहे, तिकडे लक्ष देऊ नका. कोरा कागद विकत आणायचं माझ्याच्याने होत नाही. फोन करायचा तर तुमचा नंबर मामंजी गेले त्याच आठवड्यात ह्यांनी माझ्याही फोनमधून पुसायला लावला. पत्ता पाठ होता, तो राहिला.

तुमच्या भावाच्या डोक्यात एक नस फुगली आहे. मसुरीच्या दाण्याएवढी, असं डॉक्टर म्हणाले. ती तशीच राहू शकते आणि फुटूही शकते, आणि फुटली तर पुढचं त्यांनी सांगितलं नाही, नुसतं टेबलावरचं पेन सरळ केलं.

झालं असं, की डोकं दुखतंय म्हणून हे दिवाळं निघाल्यासारख्या चेहऱ्याने बसायचे आणि विचारलं की काही नाही म्हणायचे. मग एका कोटाची एक बाही आखूड कापली. ह्यांनी! गिऱ्हाईक काही बोलायच्या आत स्वतःच्या खिशातून नवं कापड आणलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, चल, डोकं दाखवून येऊ. बाही बिघडली नसती तर हे काही उठले नसते.

आता अँजिओग्राफी करायची आहे. शरीरातल्या एका नसेतून बारीक नळी थेट मानेपर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि फोटो काढायचे. नळी घालायचे रस्ते दोन. मनगटातून किंवा जांघेतून. कोणता घ्यायचा ते आम्ही ठरवायचं म्हणे, खर्च वेगवेगळा आहे. मी मॅट्रिक झालेली बाई, हे सातवीतून कात्रीला लागलेले. आम्ही ठरवायचं!

तुम्ही आयुष्य ऑपरेशन थिएटरात काढलंत. मामंजींच्या ऑपरेशनच्या कागदावर सही तुमची होती आणि ते परत आले नाहीत, म्हणून ह्यांनी तुम्हाला तोडलं, हे मी विसरलेले नाही. मी तेव्हाही काही बोलले नव्हते, आताही बाजू घेत नाही. फक्त एवढंच सांगा, मनगट की जांघ. उत्तर शेजारच्या शिलाई-धाग्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. ह्यांना कळता कामा नये.

तुमची भावजय

ता. ९ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालाला वेळ लागतो असं मी मनाला सांगते आहे.

काल हॉस्पिटलच्या काउंटरवर गेले होते. तिथल्या मुलीने दोन छापील पानं दिली. जांघेच्या पानावरचा आकडा कमी होता. मनगटाची नळी वेगळ्या वळणाची असते, नस आवळू नये म्हणून त्यातून औषधं द्यावी लागतात, नंतर मनगटावर हवा भरलेला पट्टा बांधतात. त्या सगळ्याचे पैसे. मी म्हटलं, मग जांघ स्वस्त. ती म्हणाली, हो काकू. मी पानं घेऊन निघाले. जिन्यावर एक बाई नवऱ्यासाठी उशी घेऊन चालली होती, तिला सहज विचारलं. तिच्या नवऱ्याचं जांघेतून झालं होतं. म्हणाली, रात्रभर ठेवून घेतलं, पाय हलवू देत नाहीत.

मी परत काउंटरला. खाटेचे पैसे ह्यात आहेत का? नाहीत, ते वॉर्डच्या काउंटरला. जांघेची जागा साफ करणारा माणूस? तो वेगळा. नसेचं भोक बंद करायला बूच मिळतं म्हणे, ते? ते ऐच्छिक. बूच नको असेल तर? मग हाताने दाबून धरतात, त्याचे पैसे नाहीत, पण पडून जास्त वेळ राहावं लागतं. आणि मनगटवाला? तो त्याच दिवशी घरी. मग हे सगळं एका पानावर का नाही? ती मुलगी म्हणाली, काकू, आमचं डिपार्टमेंट फक्त प्रोसिजरचं आहे.

वन्सं, मी घरी आले, चहासुद्धा न घेता ओट्यावर कागद पसरला आणि मधोमध रेघ मारली. इकडे मनगट, तिकडे जांघ. नळी, औषध, पट्टा, खाट, माणूस, माझं रात्रीचं जाणं-येणं, ह्यांचं बुडणारं काम. जांघेतून केलं तर आठवडाभर जड उचलायचं नाही, जिना नाही, म्हणजे कटिंगच्या टेबलाशी उभं राहणं नाही. बेरीज केली तर मनगट स्वस्त निघालं. फार नाही, पण निघालं. छापील पानावर महाग तेच घरी येईतो स्वस्त. देवाने मला ही विद्या दिली याचे मी आभार मानले आणि त्याच वेळी त्या काउंटरच्या मुलीचे केस ओढावेसे वाटले. दोन्ही एकाच मनात. क्षमा असावी.

त्यात ह्यांचं बघा. अशा दिवसांत काम हवं ना? जुन्या गिऱ्हाइकाने परगावाहून फोन केला, तीन शर्ट शिवायचेत, मापं सांगतो, लिहून घ्या. ह्यांनी नाही म्हटलं. "अंग समोर उभं राहिलं पाहिजे. फोनवरचं माप, पत्रातलं माप मी घेत नाही." सगळी दुनिया घेते. हे घेत नाहीत. मी भांडले तर म्हणाले, माणूस स्वतःचं माप कधी खरं सांगत नाही.

उत्तर पाठवा.

ता. १५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार म्हणावी. "मनगट. आधी तळहात दाबून बघायला सांग. त्याला खोकला असतो, पाठीवर सरळ पडून राहणं जमणार नाही. माझं नाव काढू नकोस." पुढच्या बाजूला चार ओळी. तब्येत कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. भाऊ-बहीण अगदी एका कापडातले.

खाली फोन नंबर दिलात, पण फोन कुठे करू? ह्यांचे कान कात्रीपेक्षा तेज आहेत. पत्रच बरं.

तळहाताचं तुम्ही मागच्या बाजूला समजावून लिहिलंत ते बरं केलंत. हाताला रक्त नेणाऱ्या नसा दोन. दोन्ही दाबून धरायच्या, मूठ आवळायला लावायची, तळहात पांढरा पडतो. मग करंगळीकडची सोडायची. तळहात लगेच लाल झाला तर ती एकटी हात सांभाळू शकते, मग अंगठ्याकडच्या नसेतून नळी घालायला हरकत नाही. हे मला काउंटरवर कोणी सांगितलं नव्हतं. हे सांगायचे पैसे नसतात म्हणून असेल.

पण माझी अडचण वेगळी आहे. हे मनगटाला तयार नाहीत. मी दोन रकाने समोर ठेवले, एकेक ओळ वाचून दाखवली. ह्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जांघेतून करा. मला हात लागतो. जांघ लागत नाही."

मी म्हटलं, खोकला आला तर? म्हणाले, दाबेन. म्हटलं, तिथली जागा साफ करायला वॉर्डातला माणूस येईल, चालेल का? त्यावर तोंड बघायचं होतं तुम्ही. जन्मभर लोकांच्या पँटच्या आतल्या शिवणीला टेप लावला, कोणी अंग चोरलं तर त्याला हसले, आणि आता स्वतःवर आलं तर कानाच्या पाळ्या लाल. "माप घेणं वेगळं, देणं वेगळं," एवढंच बोलले.

हसू येतं, पण मला कळतं. कात्रीचा अंगठा त्याच हाताचा. मनगट बिघडलं तर ह्या वयात दुसरं काय करणार? नस फुटली तर जीव जाईल आणि हात गेला तर रोजचं जाईल. मला ह्या दोन गोष्टी रकान्यात घालता येत नाहीत. देवापुढे बसले तर तिथेही बेरीज सुरू होते.

तुम्ही इथे असतात तर दोन वाक्यांत समजावलं असतंत. नाही तर भांडण झालं असतं. काहीतरी झालं असतं. इथे नुसती मी आणि शिलाई मशीन.

ता. १९ फेब्रुवारी

वन्सं,

आज डॉक्टरांकडे गेलो. कमी वयाचे आहेत, बोलणं भरभर. मी म्हटलं, आधी ह्यांचा तळहात दाबून बघाल का? ते थांबले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, वाचलं. खोटं बोलले, संध्याकाळी देवाची माफी मागितली.

त्यांनी ह्यांचा उजवा हात घेतला, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबला, मूठ आवळायला लावली. हात पांढरा झाला, मेणासारखा. मग एका बाजूचा अंगठा उचलला. तुम्ही लिहिलं तसं, बघता बघता लाल. डॉक्टर खूश. म्हणाले, मनगट उत्तम. मेंदूकडे जायला उजवंच सोयीचं पडतं.

हे मात्र तळहाताकडेच बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा हाताकडे. मला वाटलं, आता नाही म्हणतात. घरी येताना चौकात थांबले आणि म्हणाले, "मनगटातून करू दे."

मी विचारलं, अचानक कसं? तर म्हणाले, तुझा हिशेब बरोबर आहे. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. रस्त्यातच हात जोडले.

डॉक्टरांनी एक सांगितलंय ते तुम्हाला लिहून ठेवते. मनगटाची नस कधी कधी नळी गेली की आवळते किंवा पुढे खांद्याशी रस्ता फार वाकडा निघतो. मग अर्ध्यातून जांघेवर जावं लागतं. थोड्यांनाच होतं म्हणाले. आम्ही कधी थोड्यांत येत नाही, नेहमी गर्दीत असतो, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही.

चोवीस तारीख ठरली.

ता. २६ फेब्रुवारी

वन्सं,

झालं. मनगटातून नाही झालं.

नळी आत गेली आणि नस आवळली. औषध दिलं, थांबले, पुन्हा औषध. हे शुद्धीवर होते, दात घट्ट धरून पडले होते, असं आतल्या सिस्टरने नंतर सांगितलं. नळी पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी कशीबशी काढली आणि जांघेतून केलं. मी बाहेर बाकावर नामस्मरण करत होते. दार उघडून एकजण आला आणि म्हणाला, ह्या दुसऱ्या कागदावर सही करा, रस्ता बदलतोय. सही केली. सही करताना तुमची आठवण आली. मामंजींच्या वेळी तुम्ही अशाच दारात उभ्या असाल, असाच कोणीतरी घाईत असेल. त्या वेळी तुम्हाला विचारलं नाही कोणी, काय वाटलं म्हणून. मीही नाही.

पण थांबा, राग अजून संपलेला नाही. बिल आलं तर दोन्ही. मनगटाची नळी, मनगटाची औषधं, पट्टासुद्धा, आणि वर जांघेचं पूर्ण पान, खाटेसकट. मी त्या मुलीसमोर माझा कागद ठेवला. म्हटलं, तू मला दोन पानं दिलीस, हा किंवा तो. दोन्ही मिळून असं तिसरं पान कुठे होतं? ती म्हणाली, काकू, नळीचं पाकीट उघडलं की बिल होतं. मी म्हटलं, मी आठवडाभर ओट्यावर बसून जे वाचवलं ते तू एका पाकिटात उडवलंस. तिने पाणी दिलं प्यायला. तिचा दोष नाही हे मला कळत होतं, म्हणून आणखीच चीड आली. दोष कोणाचा नसला की भांडायचं कोणाशी?

बूच मी नको म्हटलं होतं. हाताने दाबलं त्यांनी, बराच वेळ. मग सरळ पडून राहायचं, उजवा पाय हलवायचा नाही. आणि तुम्ही लिहिलं तेच. खोकला. दर उबळीला ह्यांचा गुडघा वर यायचा, सिस्टर धावायची. शेवटी मी पायथ्याशी बसले आणि गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून दाबून धरलं. संध्याकाळ होईतो माझ्या खांद्यांतून कळा. हे म्हणाले, आता तुला कळेल, अस्तर लावताना कापड धरून ठेवायचं म्हणजे काय.

हात कोपरापर्यंत काळानिळा आहे. अंगठा बधिर. ह्यांनी मला काही विचारलं नाही. नुसतं बोटं उघडून मिटून बघतात.

तुम्ही लिहिलंत मनगट. मी ह्यांना सांगितलं मनगट. जांघेतून सरळ केलं असतं तर आज हात तरी शाबूत असता. हे पत्र टाकू की नको हे तासभर ठरत नव्हतं. टाकते. सगळा राग एकट्या माणसाने घरात का ठेवावा?

ता. ७ मार्च

वन्सं,

तुमचं उत्तर यायच्या आत लिहिते आहे, कारण आता तुमचं उत्तर नकोच आहे. वाचाल तर कळेल.

हात पिवळा पडलाय, म्हणजे उतरतोय. डॉक्टरांनी मनगटावर बोट ठेवून बघितलं, नाडी लागते आहे, अंगठा सुधारेल म्हणाले. पण हे दुकानात जाऊन नुसते बसतात. कात्री टेबलावर, हे स्टुलावर. कापड आलं की उद्या या सांगतात.

फोटोंचं उत्तर आलं. फुगवटा वाईट जागी आहे, ठेवण्यासारखा नाही. जांघेतूनच नळी नेऊन आत तारेचं वेटोळं भरून तो बंद करायचा. ह्या वेळी रस्ता निवडायचा नाही. वीस मार्च. ह्यांनी ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं, मी जाणार नाही. हात दिला, आणखी काय काय देऊ?

मग मी ओरडले. शेजारच्या धाग्याच्या दुकानातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या एवढं. मी म्हटलं, मला रेघा मारून मारून कंटाळा आलाय, तुम्ही मेलात तर कोणत्या बाजूला लिहू? आणि त्या भरात निघून गेलं तोंडातून. म्हटलं, मनगटाचं मी ठरवलंच नव्हतं, तुमच्या बहिणीने सांगितलं होतं, मी चोरून पत्रं लिहिली, आता मला काय बोलायचं ते बोला आणि तिलाही बोला, पण वीस तारखेला चला.

मला वाटलं, संपलं. मामंजींचं झालं तसंच हेही तुमच्या नावावर पडणार.

हे म्हणाले, "ठाऊक आहे."

मी म्हटलं, काय ठाऊक आहे?

"ताई नर्सिंगला होती तेव्हा रोज संध्याकाळी माझाच हात घेऊन बसायची. दोन्हीकडून दाबायची, मूठ आवळ म्हणायची, मग सोडायची. मला गंमत वाटायची, हात पांढरा होतो म्हणून. त्या डॉक्टरने दाबलं तेव्हाच कळलं तू कुठे वाचलंस ते."

"मग हो का म्हणालात?"

"तिने सांगितलं होतं म्हणून."

वन्सं, मी आत गेले आणि गॅसवरच्या रिकाम्या भांड्यात पळी ढवळत उभी राहिले. हिशेब बरोबर आहे म्हणाले होते ना चौकात, ते माझ्या हिशेबाला नव्हतंच. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारी दुकानात गेले तर जुन्या खाक्यांचा गठ्ठा उपसून बसलेले. काय शोधताय विचारलं. ताईचा बाहीचा खाका, म्हणाले. पांढऱ्या कोटाचा, नोकरीला लागली तेव्हा शिवला होता तो. गठ्ठ्यात नाही. मग माझ्याकडे वळून, "तू पत्रं कशावर लिहितेस?"

मी काय सांगणार? पहिलं पत्र काढा, मागे बघा. कडेला नाव नव्हतं हो, नाही तर मी घेतलं नसतं.

ह्यांनी नवा कागद पसरला, कात्री उचलली. सरळ रेघ नीट कापली, वळणावर अंगठा डगमगला, थांबले, पुन्हा कापली. म्हणाले, मोठं ऑपरेशन व्हायच्या आत ताईचा एक कोट शिवून ठेवायचा आहे, पण आता वयाने तिचं मनगट उतरलं असेल, जुन्या मापाचा कफ ढगळ होईल. मी म्हटलं, पत्रात विचारते.

"पत्रातलं माप मी घेत नाही. ताईला माहीत आहे."

एवढंच बोलले. तेच मी लिहिलं, एक शब्द कमी-जास्त केला नाही. खोकला अजून आहे, आणि ह्या वेळीही पाय कोणीतरी धरून बसावं लागेल. माझे खांदे अजून दुखतात.

येताना पहिलं पत्र घेऊन या.

तुमची भावजय